भिंतीसमोरचा तास : पुण्यातल्या भित्तिचित्रांतून कलारसास्वाद कसा शिकवावा

चित्रकलेच्या तासाला मुलं चित्रं काढतात. चित्र बघायचं कसं, हे मात्र बहुतेक शाळांत कुणी शिकवत नाही. एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांसाठी स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन असं सगळं घोटून घेतलं जातं. तरी तोच विद्यार्थी एखाद्या चित्रासमोर उभा राहिला की ‘छान आहे’ म्हणून मोकळा होतो. छान का, असं विचारलं की गप्प. शब्द असतात, पण ते चित्रातल्या नेमक्या कुठल्या जागेवर बोट ठेवून बोलायचे, याची सवय नसते.

ती सवय लावायला रस्त्यावरची भिंत फार सोयीची पडते. तिकीट नाही, काच नाही, ‘हात लावू नका’ अशी पाटी नाही. मुलांनी ती शंभर वेळा ओलांडलेली असते, त्यामुळे चित्राचं दडपण येत नाही. शिवाय भिंत आपल्या जागेला बांधलेली असते. संग्रहालयातलं चित्र उचलून दुसऱ्या दालनात टांगता येतं, भिंतीवरचं चित्र खिडकी, पन्हळ, विजेचा मीटर आणि समोरचा चहावाला यांच्यासकट बघावं लागतं.

पुढची आखणी सहावी ते नववीच्या ३० मुलांच्या वर्गासाठी आहे. ३५ मिनिटांच्या सहा तासिका, एक मोकळी सकाळ आणि सहलीआधी वर्गाच्या कोपऱ्यात आठ-दहा दिवस मांडून ठेवलेल्या काही विटा, एवढ्यात ती बसते. वर्ग ५०-६०चा असेल तर सहल दोन दिवसांत विभागा. साठ मुलं एका गल्लीत नेली की बघणं होत नाही, मिरवणूक होते.

भिंती कोणत्या घ्यायच्या

तीन भिंती पुरेत. चौथ्या भिंतीपाशी मुलांचं लक्ष पाण्याच्या बाटलीकडे असतं. तिन्ही एकाच जातीच्या मात्र नकोत.

पहिली, चित्रकाराने विचार करून रंगवलेली. यासाठी कसबा पेठ सर्वांत सोयीची. २०१२च्या सुमारास सुरू झालेल्या पुणे स्ट्रीट आर्ट प्रोजेक्टमधून इथल्या गल्लीबोळांतल्या भिंती रंगल्या. तांबट आळी, बुरूड आळी, कुंभारवाडा ही कारागिरांची वस्ती याच परिसरात आहे. त्यामुळे ‘हे चित्र इथेच का?’ या प्रश्नाला मुलांना आजूबाजूला बघून उत्तर शोधता येतं.

दुसरी, संदेशाची भिंत. स्वच्छता मोहिमेची, ‘झाडे लावा’ची, उड्डाणपुलाच्या खांबावरची किंवा २०२३मध्ये जी-२० बैठकांच्या वेळी शहर सजवताना रंगवलेली. या भिंतीला नाकं मुरडू नका. कलारसास्वादात तुलना लागते, आणि एका चित्राला अक्षरांचा आधार का घ्यावा लागला, दुसऱ्याला का लागला नाही, हे दोन्ही समोर असल्याशिवाय कळत नाही.

तिसरी भिंत अशी घ्या की जिला कुणी कला म्हणणार नाही. हाताने रंगवलेली दुकानाची पाटी चालेल. जिन्याच्या कोपऱ्यात कुणी थुंकू नये म्हणून ओळीने बसवलेल्या देवादिकांच्या टाइल्स तर उत्तमच. तिथे चित्र काय दाखवतं यापेक्षा चित्र काय करतं, हा प्रश्न सहावीतल्या मुलालाही चटकन कळतो.

भिंती ठरवायला शिक्षकाने आधी एकट्याने फेरी मारावी, तीही सहलीच्या आदल्याच आठवड्यात. पेठेत वाडे पाडून इमारती उभ्या राहतायत. मागच्या वर्षीचं चित्र यंदा पत्र्यांच्या कुंपणाआड गेलेलं असू शकतं, नाहीतर त्यावर वाढदिवसाचा फ्लेक्स लागलेला असतो. भाद्रपदाच्या आगेमागे तर जाऊच नका, मांडवांनी निम्म्या भिंती झाकलेल्या असतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा.

फेरीत तीन गोष्टी वहीत टिपा.

भिंतीचं तोंड कुठे आहे? पूर्वेकडे असेल तर सकाळी साडेआठला ती उन्हात असते आणि पोत छान उठून दिसतो. पश्चिमेकडची भिंत तेव्हा सावलीत, तिथले रंग जास्त खरे दिसतात. अर्ध्या भिंतीवर ऊन आणि अर्ध्यावर समोरच्या इमारतीची सावली, ही वेळ टाळा. मुलं सावलीलाच चित्राचा भाग समजून बसतात.

मागे सरकायला जागा किती? संपूर्ण चित्र एका नजरेत यायला साधारण त्याच्या उंचीच्या दीडपट ते दुप्पट अंतर लागतं. सहा मीटर उंच चित्रासाठी नऊ ते बारा मीटर. पेठेतली गल्ली तीन-चार मीटरची, म्हणजे सरळ समोरून ते चित्र कधीच पूर्ण दिसत नाही, कडेने तिरकंच दिसतं. हा दोष धरू नका, तोच धड्याचा विषय आहे, पुढे येईल.

तिसरं, १० मुलांचा एक गट रस्त्यावर न उतरता उभा राहू शकतो का, आणि जवळचं स्वच्छतागृह खरोखर उघडं असतं का. हे दुसरं विसरलं की पुढचं सगळं बिनसतं.

घराच्या भिंतीवरचं चित्र असेल तर घरमालकाला आधी सांगून ठेवा. रस्त्यावरून बघायला परवानगी लागत नाही, पण सकाळी दारात तीस मुलं दिसल्यावर कुणीही विचारणारच.

वर्गातल्या पहिल्या दोन तासिका

बाहेर जाण्याआधी प्रश्नांची चाल मुलांच्या अंगवळणी पडायला हवी. जगभर वापरली जाणारी एक साधी पद्धत आहे. मानसशास्त्रज्ञ ॲबिगेल हाउसन आणि संग्रहालय-शिक्षक फिलिप येनवाइन यांनी ती बसवली. त्यात तीनच प्रश्न आहेत. मराठीत ते असे विचारावेत: ‘या चित्रात काय चाललंय?’, ‘हे कशावरून म्हणतोस?’ आणि ‘आणखी काय दिसतंय?’

तिन्हींत मधला खरा. ‘कशावरून?’ विचारताना आवाज मात्र उलटतपासणीचा नको. मुलाने उत्तर दिलं की ते आपल्या शब्दांत पुन्हा म्हणायचं, चित्रातल्या त्या जागेकडे बोट करायचं आणि पुढच्या मुलाकडे वळायचं. ‘शाब्बास’ म्हणायचं नाही, ‘चूक’ही म्हणायचं नाही. हे फार जड जातं. पण एका उत्तराला शाब्बासकी मिळाली की उरलेली एकोणतीस मुलं चित्र सोडून शिक्षकाचा चेहरा वाचू लागतात.

सरावाला पद्मपाणी घेऊ नका. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातलं ते चित्र अप्रतिमच आहे, पण मुलांनी त्याच्याविषयी वाचलेलं, ऐकलेलं असतं. ती ऐकीव उत्तरंच परत देतात. माहीत नसलेलं, नाव-गाव नसलेलं एखादं भित्तिचित्र घ्या, ए-३ आकारात छापा आणि फळ्यावर लावा. प्रोजेक्टर असेल तर उत्तम, पण खिडक्यांचे पडदे लागत नसतील तर रंग धुवून निघतात. तेव्हा छापील प्रतच बरी. पहिली दोन मिनिटं पूर्ण शांतता. घड्याळ लावून. मुलं चुळबुळ करतील, तिसऱ्या दिवशी करणार नाहीत.

संवाद कसा चालतो ते पाहा. समजा चित्रात तांब्याचा हंडा कडेवर घेतलेली एक म्हातारी आहे.

‘बाई, आजी रागावलीय.’
‘रागावलीय म्हणतोस. कशावरून?’
‘भुवया खाली आल्यात. आणि ओठ बघा, गच्च मिटलेत.’
‘भुवया खाली, ओठ मिटलेले. आणखी काय दिसतंय कुणाला?’
‘ती रागावलेली नाहीये. तिच्या डोळ्यांवर ऊन येतंय.’
‘ऊन येतंय हे कशावरून?’
‘हंड्याची सावली डाव्या बाजूला पडलीय. म्हणजे उजवीकडून ऊन. आणि तिने उजवाच डोळा जास्त बारीक केलाय.’

भुवया त्याच, अर्थ दोन, आणि दोन्हींना चित्रातला पुरावा. इथे निकाल लावू नका. फळ्याच्या एका बाजूला दोन्ही अर्थ लिहा आणि बाहेर जाईपर्यंत ठेवा. मराठी शाळेत धडा संपला की ‘यातून काय बोध मिळतो?’ विचारायची जुनी खोड आहे. चित्राच्या बाबतीत ती खोड घातक. मुलं तात्पर्य शोधायला लागली की डोळे मिटतात.

दुसऱ्या तासिकेत शब्द द्या, पण मोजकेच: बाह्यरेषा, पोत, छटा, उठाव, तोल, रिकामी जागा, पुढचं-मागचं. प्रत्येक शब्द वर्गातल्याच वस्तूवर दाखवा. फळ्याचा पोत आणि फरशीचा पोत बोटांनी चाचपून बघितला की व्याख्या सांगावी लागत नाही.

याच तासिकेत दृश्यचौकट करून घ्या. जुन्या लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठा याला सर्वांत चांगला. त्यातून काटकोनाच्या आकाराच्या दोन पट्ट्या कापा. रुंदी ३ सेंमी, एक भुजा १५ सेंमी, दुसरी १० सेंमी. दोन्ही उलटसुलट एकमेकींवर ठेवून कोपऱ्यांना दोन पेपरक्लिपा लावल्या की हवी तेवढी लहान-मोठी होणारी खिडकी तयार. आतली बाजू काळ्या स्केचपेनने रंगवा. पांढरा किंवा सोनेरी पुठ्ठा उन्हात चकाकतो आणि रंग नीट कळत नाहीत.

सोबत काय न्यायचं

प्रत्येक मुलाकडे क्लिप असलेलं पॅड, पाच कोरे ए-४ कागद, २बी आणि ४बी पेन्सिल, दृश्यचौकट, पाणी, टोपी. खोडरबर नेऊ देऊ नका. निम्मा वेळ खोडण्यात जातो. प्रत्येक गटाकडे एक मीटरची लाकडी पट्टी आणि रंगांच्या दुकानातून मागून आणलेलं एक शेडकार्ड. दहा मुलांमागे एक मोठं माणूस, म्हणजे तिघं. पालकांची लेखी संमती, प्रथमोपचाराची पेटी, आणि वाटेत रांगेच्या शेवटी चालणारी एक ठरलेली व्यक्ती.

कसबा पेठेत जायचं तर मेट्रोने कसबा पेठ स्थानकावर उतरून चालत जाणं सोपं. शाळेची बस त्या गल्ल्यांत शिरत नाही आणि बाहेर उभी करायला जागा मिळत नाही. आठच्या आसपास पोचा. दहानंतर दुकानं उघडतात, दुचाक्या भिंतीला टेकतात आणि चित्राचा खालचा मीटरभर भाग झाकला जातो.

भिंतीसमोर

पहिल्या भिंतीला ४० मिनिटं द्या, उरलेल्या दोघींना वीस-वीस. भिंत बघण्याचा पुढचा क्रम बदलू नका, घाईत तो हमखास उलटतो.

आधी दुरून. गल्लीच्या तोंडाशी, जिथून चित्राचा पहिला तुकडा दिसतो तिथे थांबा. तीन मिनिटं, न बोलता. मग प्रत्येकाने कागदावर एकच गोष्ट लिहायची: सर्वांत आधी नजर कुठे गेली. कागद घडी घालून खिशात ठेवायचा. शेजाऱ्याचं उत्तर ऐकलं की सगळ्यांची नजर तिथेच गेलेली असते!

मग समोर या. आता ‘काय चाललंय’ आणि ‘कशावरून’. दहा मिनिटं पुरतात. दृश्यचौकटीतून बघत प्रत्येकाने चित्रातला एक तुकडा निवडावा, जो एकटा ठेवला तरी चित्र वाटेल, आणि पाच मिनिटांत त्याची नुसती रेषा काढावी. तुकडा निवडताना ‘हे आत घेऊ का बाहेर ठेवू’ ही जी घालमेल होते, ती रचना शिकवण्याचा निम्मा भाग आहे.

मग भिंतीच्या अगदी जवळ, हातभर अंतरावर. इथे मुलांना खरी गंमत दिसते. दुरून गुळगुळीत वाटणारा गाल जवळून चार सपाट छटांचे ठिपके असतात. रोलरचा खडबडीत पोत, ब्रशचे फराटे, स्प्रेच्या कडेला उडालेले तुषार, खाली ओघळलेला थेंब. कुठे फिक्या रेषांच्या चौकटीही सापडतात. लहान चित्र भिंतीवर मोठं करायला चित्रकार चौकटी आखतो: ३० बाय २० सेंमीचं रेखाटन ६ बाय ४ मीटरच्या भिंतीवर न्यायचं तर कागदावरची ५ सेंमीची चौकट भिंतीवर १ मीटरची होते, वीसपट. ओल्या रंगात बुडवलेला दोरा ताणून सूत मारलेलं असतं, त्याची खूण रंगाखालून डोकावते.

आता माप. मीटरपट्टी भिंतीला टेकवून उभी धरा आणि सरळ समोरून फोटो काढा. वर्गात छापील फोटोवर पट्टी २ सेंमी आणि चित्र ९ सेंमी उंच आलं तर चित्र साडेचार मीटरचं. गणिताच्या बाई खूश होतात. पट्टी भिंतीपासून लांब धरली किंवा फोन वर तिरका करून फोटो काढला तर उत्तर चुकतं, कारण वरचा भाग लहान दिसतो.

अरुंद गल्लीचा मुद्दा इथे काढा. मुलांना तीन ठिकाणी उभं करा: गल्लीच्या डाव्या टोकाला, समोर, उजव्या टोकाला. समजा, या भिंतीवरही तशीच हंडेवाली आजी आहे. तिचा चेहरा कुठून सर्वांत नीट दिसतो? कधीकधी समोरून ओढल्यासारखा वाटणारा चेहरा येण्याच्या वाटेवरून बरोब्बर दिसतो. चित्रकाराने माणूस कुठून चालत येईल हे धरून आखणी केली असेल का? मुलांनी ठरवावं, पुराव्यानिशी.

शेवटी चित्रात नसलेल्या गोष्टी. खिडकी चित्राच्या कुठे येते? चित्रकाराने ती टाळली, झाकली की वापरली? हंड्याचं तोंड नेमकं खऱ्या झरोक्यावर आणलेलं असेल तर ते योगायोगाने झालेलं नाही. गजावर वाळत टाकलेला टॉवेल मात्र योगायोग, आणि तोही आज चित्राचा भाग आहे. मुलांना तो रेखाटनात घ्यायचा की वगळायचा हे विचारा. वर्गात यावर मोठा वाद होतो, होऊ द्या.

शेडकार्ड वापरताना एक सांभाळा. कार्ड आणि भिंत एकाच उजेडात हवीत. कार्ड उन्हात आणि भिंत सावलीत धरून जुळवलेला रंग वर्गात नेल्यावर भलताच निघतो. मुख्य पाच रंग जुळवून त्यांचे क्रमांक लिहून घ्या, पुढे लागतील.

वारलीच्या भिंतीपाशी जरा थांबा

पुण्यात संदेशाच्या भिंतीवर निम्म्या वेळा वारली आकृत्या निघतात. दोन त्रिकोण, वर गोल डोकं, झालं. एवढ्यावर सोडू नका. मूळ वारली चित्र शेणाने सारवून गेरूने लिंपलेल्या कुडावर, तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगात, टोक चेचलेल्या बांबूच्या काडीने काढलं जातं. लग्नघरात सवाष्णी चौक (लग्नाचं चौकोनी चित्र) लिहितात आणि मध्ये पालघाट देवी असते. ते चित्र विधीचा भाग असतं, नुसती सजावट नव्हे. १९७०च्या दशकात जिव्या सोमा म्हसे यांनी ते कागदावर आणलं, विधीबाहेरचे विषय घेतले आणि जगभर पोचवलं.

हे वर्गात सांगून झालं की भिंतीसमोर एक तक्ता भरून घ्या: मुळात काय होतं, इथे काय आहे. पार्श्वभूमी, रंग किती, साधन, काढणारं कोण, कशासाठी. उड्डाणपुलाच्या खांबावर निळ्या-पिवळ्या रंगातली आणि हातात मोबाइल धरलेली वारली माणसं दिसली तर ‘हे चूक’ असं शिक्षकाने जाहीर करू नये. म्हसे यांनीही बदल केलेच होते. कुठला बदल चित्राच्या आतून आला आणि कुठला नुसता उचलून चिकटवला, हा फरक नववीच्या मुलांना बोलता येतो. सहावीला तक्ता पुरे.

पोपडे का निघतात : विटेचा प्रयोग

भिंत बघून आलेली मुलं हमखास विचारतात, खालचा रंग का निघालाय? उत्तर सांगण्यापेक्षा दाखवा. मात्र हा प्रयोग सहलीच्या आठ-दहा दिवस आधी सुरू करावा लागतो.

प्रत्येक गटाला तीन जुन्या विटा, एकूण नऊ. पहिली कोरडी आणि झाडून स्वच्छ केलेली, तिला एक हात प्रायमर. दुसरी कोरडी, बिनप्रायमरची. तिसरी रात्रभर मिठाच्या पाण्यात (एक लिटरला १०० ग्रॅम मीठ) बुडवलेली, नुसती निथळलेली. तिन्हींच्या एका मोठ्या बाजूच्या निम्म्या भागावर बाहेरच्या भिंतींचं इमल्शन दोन हात, मध्ये किमान चार तास. नऊ विटांना १०० मिली रंग पुरून उरतो. वाळल्यावर तिसरी वीट ट्रेमध्ये सेंटीमीटरभर मिठाच्या पाण्यात आडव्या कडेवर उभी ठेवा, बाकी दोन कोरड्या जागी.

आठ-दहा दिवसांत तिसऱ्या विटेच्या उघड्या भागावर पांढरी भुकटी येते आणि रंगाच्या कडा सैल पडू लागतात. आपण भिंतीला ‘लोणा लागला’ म्हणतो तो हाच. जमिनीतली ओल विटेतून वर चढते, सोबत क्षार आणते. पाणी उडून जातं, क्षाराचे खडे रंगाच्या मागे वाढतात आणि त्याला बाहेर ढकलतात. म्हणून पोपडे बहुतेक वेळा तळाच्या मीटरभरात असतात. उरलेल्या दोन विटांवर सेलोटेप चिकटवून झटक्यात ओढा आणि टेपला किती रंग आला ते ताडून बघा. जुन्या वाड्याच्या मातीच्या किंवा चुन्याच्या गिलाव्यातून वाफ सतत आत-बाहेर होत असते. त्यावर प्लॅस्टिकसारखा पापुद्रा धरणारा रंग दिला की तो फुगून सुटतो.

रंग विटण्याचं कारण वेगळं. गेरू, पिवळी माती हे लोखंडाच्या गंजाच्या जातीचे रंग, ते उन्हाला दाद देत नाहीत. भडक गुलाबी आणि फ्लोरोसंट रंग सर्वांत आधी उडतात. मुलांनी भिंतीवर हे ताडून पाहावं.

पद्मपाणी आणायचा तो आता. अजिंठ्याची चित्रं ओल्या चुन्यावर काढलेली फ्रेस्को नाहीत. दगडावर माती, भुसा आणि वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा, वर चुन्याचा पातळ हात आणि तो वाळल्यावर रंग. वीट हाताळलेल्या मुलाला हे वाक्य समजतं. एरवी ते पाठ होतं.

चौकोनांचं भित्तिचित्र

दोन तासिका. समोरून काढलेला एक फोटो निवडा. गल्ली अरुंद असल्याने तो वर निमुळता आला असेल तर फोनमधल्या संपादनात आधी सरळ करून घ्या. ३० बाय २५ सेंमी आकारात ए-३ वर छापा, ५ सेंमीचे ३० चौकोन आखा, मागे क्रमांक आणि वरच्या दिशेचा बाण काढून कापा. बाण विसरलात तर चार तरी चौकोन आडवे येणारच.

प्रत्येकाला एक तुकडा आणि कार्ट्रिज कागदाचा २५ सेंमीचा चौकोन, म्हणजे पाचपट. २२ बाय ३० इंचांच्या कार्ट्रिज शीटमधून असे सहा चौकोन निघतात, तेव्हा पाच शीट लागतात. रंग पाचच. शेडकार्डवरून उतरवलेले ते पाच पोस्टर कलरमध्ये दोन मुलांनी एकदाच कालवून झाकणाच्या डब्यांत भरायचे. प्रत्येकाने आपापला कालवला तर आजीच्या गालाला सहा वर्णांचे तुकडे लागतात.

जोडताना रेषा जुळत नाहीत, आणि त्याचं कारण हाताच्या अचूकतेत नसतं. मुलाला आपला चौकोन म्हणजे पूर्ण चित्र वाटतं, मग तो त्यातला कान नकळत मधोमध सरकवतो. उपाय साधा: रेखाटनाआधी तुकड्याच्या चारही कडांवर रेषा कुठे छेदतात ते मिलिमीटरमध्ये मोजायचं, पाचाने गुणायचं आणि मोठ्या चौकोनावर ठिपके द्यायचे. ठिपके तपासल्याशिवाय रंग नाही.

एक-दोन मुलं तक्रार घेऊन येतील, ‘बाई, माझ्या चौकोनात काहीच नाही, नुसती भिंत आहे.’ त्यांना बदली चौकोन देऊ नका. त्यातल्या भुरकट करड्याच्या तीन छटा शोधायला लावा. शेवटी चित्र फळ्यावर जोडून झालं की नेमका तोच चौकोन काढून घ्या आणि वर्गाला विचारा काय बिघडलं. आजी अधांतरी लोंबते. रिकाम्या जागेवर याहून चांगला धडा नाही.

जोडलेलं चित्र १५० बाय १२५ सेंमी होतं. खिशातल्या घड्या आता उघडायच्या. सर्वांत आधी नजर गेलेल्या जागांवर लाल टिकल्या लावा. टिकल्यांचा घोळका कुठे झाला आणि का, यावर तासिका सहज भरते.

लेखन आणि गुण

पाचव्या तासिकेत प्रत्येकाने १२० ते १५० शब्द लिहायचे. क्रम कलाशिक्षणतज्ज्ञ एडमंड फेल्डमन यांनी सांगितलेला: काय दिसतं, ते कसं रचलंय, त्याचा अर्थ काय लागतो, आणि शेवटी माझं मत. छान, सुंदर, अप्रतिम, मस्त आणि ‘संदेश देते’ यांना त्या दिवशी बंदी. ‘चित्र खूप सुंदर असून जुन्या पुण्याची आठवण करून देते’ हे वाक्य कुठल्याही चित्राला लागू पडतं. ‘हंडा हा चित्रातला एकमेव चकाकणारा भाग आहे, म्हणून आजीआधी हंडा दिसतो’ हे याच भिंतीचं.

वीसपैकी आठ गुण निरीक्षणाला, सहा ‘कशावरून’ला, चार जागेच्या विचाराला, दोन भाषेला. चित्रकलेत हात कच्चा असलेली मुलं इथे वर येतात, हे बाकीच्यांना दिसू द्या.

भिंत कुणाची?

सहावी तासिका नववीसाठीच. दिल्लीच्या विज्ञान भवनात अमरनाथ सहगल यांचं ब्राँझचं मोठं भित्तिशिल्प होतं. १९७९मध्ये ते शिल्पकाराला न विचारता उतरवलं गेलं आणि त्याचे तुकडे गोदामात पडले. २००५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अवशेष सहगल यांना परत करायला आणि पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. भिंत सरकारची, शिल्पाचे पैसे दिलेले, तरी शिल्पकाराचा हक्क उरतो. आता मुलांना विचारा: वाडा पाडताना त्यावरच्या आजीचं काय? घरमालक, चित्रकार, बिल्डर आणि समोरच्या खिडकीतून रोज ते चित्र बघणारी बाई अशा चार बाजू वाटून द्या.

तुमच्या स्वतःच्या सोयीची एक गोष्ट: शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने कलाकृतीची प्रत करणं कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ नुसार चालतं. तेच चित्र शाळेच्या विक्रीच्या कॅलेंडरवर छापायचं तर चित्रकाराची परवानगी घ्या. प्रदर्शनात मूळ चित्रकाराचं नाव सापडत असेल तर लावा. बहुतेक वेळा ते भिंतीच्या खालच्या कोपऱ्यात असतं, लोणा लागलेल्या भागात.

सगळं साहित्य एका फाइलीत ठेवा: फोटो, तो कुठे उभं राहून काढला त्याची खूण (‘अमक्या दुकानाच्या पायरीवरून, छातीच्या उंचीवर’), शेडकार्डचे क्रमांक, तारीख. पावसाळा सरला की ऑक्टोबरअखेरीस दोन मुलांना त्याच पायरीवर पाठवून तोच फोटो पुन्हा काढून आणा. पुढच्या तुकडीची पहिली तासिका या दोन फोटोंवर घ्यायची: काय बदललं, आणि कशावरून?